धुळ्याचे बदाले, जयपूरचा संघ

[रिकामं स्टेडियम, नेरूळ. पहाटेचा उजेड. माळी खेळपट्टीवर पाणी मारतोय.]

डी. वाय. पाटील स्टेडियम. माळीदादा पाणी मारतायत ना, त्याच बावीस यार्डांवर 1 जून 2008च्या रात्री एक चेंडू उरला होता आणि एक धाव हवी होती. गोलंदाज चेन्नईचा बालाजी, समोर राजस्थानचा सोहेल तन्वीर, पलीकडे कर्णधार शेन वॉर्न. धाव निघाली. पहिली आयपीएल राजस्थान रॉयल्सची झाली.

सामन्याची दृश्यं दाखवायचे हक्क आमच्याकडे नाहीत. ते आवाज तुम्हीच आठवा. आमच्याकडे हे मैदान आहे.

[धुळे. पाचकंदील परिसर, दुकानांची शटर उघडतायत.]

त्या संघामागचा मुख्य गुंतवणूकदार इथे, धुळ्यात जन्मला. मनोज बदाले, जन्म 1967. लहानपण इंग्लंडात गेलं, शिक्षण केंब्रिजला, विषय अर्थशास्त्र. पुढे चार्ल्स मिंडेनहॉल या जोडीदाराबरोबर त्यांनी ब्लेनहाइम चाल्कॉट ही कंपनी काढली. नव्या कंपन्या उभ्या करायच्या, वाढवायच्या, हा तिचा धंदा. क्रिकेटचा संघ हीसुद्धा त्यांच्या दृष्टीने एक नवी कंपनीच होती, असं मला वाटतं. पुढचं सगळं त्यातून उलगडतं.

[पडद्यावर आकडे: 11 कोटी 19 लाख डॉलर. 6 कोटी 70 लाख डॉलर.]

जानेवारी 2008. आठ शहरांच्या संघांचा लिलाव. वरचा आकडा मुंबईचा, सगळ्यांत महाग. खालचा जयपूरचा, म्हणजेच राजस्थान रॉयल्सचा, सगळ्यांत स्वस्त.

महिन्याभरात खेळाडूंची बोली लागली. सुरुवातीलाच नाव आलं शेन वॉर्नचं. आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडून वर्ष झालेलं, वय अडतीस. साडेचार लाख डॉलर ही मूळ किंमत, आणि तेवढ्यातच तो राजस्थानला मिळाला. धोनीसाठी चेन्नईने पंधरा लाख डॉलर मोजले, ते याच दिवशी.

इथे जरा थांबू या. वॉर्नला नुसतं मानधन मिळालं नाही. कर्णधार तोच, प्रशिक्षकही तोच, आणि शिवाय दरवर्षी संघात थोडी भागीदारी. ज्याच्या डोक्यावर संघ चालवायचा त्यालाच मालकीत घ्यायचं, ही नव्या कंपनीची रीत. सेठ लोकांच्या क्रिकेटमध्ये ती कुणी आणली नव्हती.

बाकीची खरेदीही तशीच. शेन वॉटसन सव्वा लाख डॉलरला. तो स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. तन्वीर एक लाखाला. त्याने 22 बळी घेतले, सगळ्यांत जास्त. रवींद्र जडेजा तेव्हा एकोणीस वर्षांचा पोरगा. आणि गोव्याचा स्वप्निल अस्नोडकर! त्याचं नाव मुंबईच्या पेपरांतही क्वचित यायचं. नऊ डावांत 311 धावा. पणजीत अजून त्या महिन्याबद्दल बोलतात.

पहिला सामना मात्र दिल्लीकडून नऊ गडी राखून हरले होते. त्यानंतर साखळीतल्या तेरापैकी अकरा जिंकले.

[तळेगाव. नेट्स. चेंडू बॅटला लागल्याचा आवाज, निवेदन नाही, दहा सेकंद.]

नागपूरहून गाडीने दीड-दोन तासांवर तळेगाव. रॉयल्सचं सराव केंद्र जयपूरला असेल असं वाटतं ना? ते आहे इथे, विदर्भात. दोन्ही बाजूंना शेतं, मध्ये जाळ्या. हंगाम नसतानाही इथे पोरं येतात. यशस्वी जयस्वाल सतरा वर्षांचा असताना संघाने त्याला 2 कोटी 40 लाख रुपयांना घेतलं आणि इथल्या जाळ्यांत अक्षरशः राबवलं. 2023मध्ये त्याने कोलकात्याविरुद्ध तेरा चेंडूंत अर्धशतक मारलं.

[नागपूर. सकाळचं मैदान, किट बॅगा घेऊन येणारी मुलं.]

बिहारच्या वैभव सूर्यवंशीची चाचणीही नागपूरलाच झाली. 2024च्या लिलावात तो तेरा वर्षांचा होता, बोली 1 कोटी 10 लाख रुपये. एप्रिल 2025मध्ये जयपूरला 35 चेंडूंत शतक.

[पुन्हा पडद्यावर: वर्षं सरकतायत, 2010 ते 2018.]

मधल्या काळात 2010ला भारतीय क्रिकेट बोर्डाने संघाचा करार रद्द केला, कोर्टकचेऱ्या करून संघ परत आला. 2013ला स्पॉट फिक्सिंगमध्ये तीन खेळाडूंना अटक झाली, 2015ला सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीने संघावर दोन वर्षं बंदी घातली, 2018ला पुनरागमन झालं.

बार्बाडोस आणि दक्षिण आफ्रिकेतलं पार्ल, इथेही रॉयल्सचे संघ झाले. 2021मध्ये रेडबर्ड या अमेरिकी गुंतवणूक कंपनीने राजस्थानचा पंधरा टक्के हिस्सा घेतला.

[तळेगाव, संध्याकाळ. एक मुलगा एकटाच फलंदाजी करतोय. समोर चेंडू टाकणारा प्रशिक्षक.]

हा मुलगा कुठून आला ते आम्ही विचारलं. म्हणाला, "अजून वीस बॉल बाकी आहेत, मग सांगतो."

[चेंडूचा आवाज. पुन्हा. पुन्हा.]