अर्धाच कुटायचा भात : अकिताचं किरितान्पो

[दृश्य : कापणी झालेली खाचरं, मागे देवदाराचं रान. लाकडी भांड्यातल्या भातातून वाफ निघतेय.]

जपानच्या मुख्य बेटाचं उत्तर टोक जवळ येतं, तिथे अकिता प्रांत लागतो. प्रांताच्या उत्तर भागात योनेशिरो नदीकाठी काझुनो आणि ओदाते ही दोन गावं आहेत. किरितान्पो आमच्याकडे जन्मलं, असं काझुनो म्हणतं. ओदाते म्हणतं, खरं खायचं तर आमच्याकडे या. दोघांचंही ऐकावं, आणि जेवायला नव्या तांदळाच्या दिवसांत जावं, ऑक्टोबरपासून पुढे.

हे तसं भाताचंच जेवण, पण सगळी करामत कुटण्यात आहे. गरम भात लाकडी बत्त्याने कुटायचा आणि अर्ध्यावर थांबायचं. याला तिथे 'हानगोरोशी' म्हणतात, म्हणजे अर्धा मारलेला. निम्मे दाणे मोडून चिकट झाले पाहिजेत आणि निम्मे डोळ्यांना दिसले पाहिजेत. कुटणं जास्त झालं तर मोची होते, चिवट गोळा, आणि त्यात रस शिरत नाही. कमी झालं तर रश्शात पडताच तुकडे विरघळतात आणि भांड्यात पेज उरते. भात गार झाल्यावर कुटायला घेतला तरी फसतं, कारण गार दाणा दाण्याला धरत नाही.

[दृश्य : हात जवळून. काठीवर भात चढतोय.]

साडेचारशे ग्रॅम तांदळाचे आठ-नऊ तान्पो, म्हणजे काठीवर थापलेले भाताचे लांबट नळे, होतात. तळहाताला मिठाचं पाणी लावायचं, मुठीएवढा भात घ्यायचा आणि देवदाराच्या काठीभोवती लांबट दाबत न्यायचा. जाडी सगळीकडे सारखी हवी. वरचं टोक नीट बंद करायचं, नाहीतर भाजताना भात तिथूनच उकलतो. मग काठ्या निखाऱ्यांभोवती उभ्या रोवायच्या आणि फिरवत राहायचं. वरचा पापुद्रा कोरडा होऊन त्यावर बदामी डाग आले की झालं. पुढे उकळत्या रश्शात तुकडा याच पापुद्र्यामुळे शाबूत राहतो, म्हणून इथे घाई नको. काठी काढताना ओढायची नाही, आधी पिळायची, मग हळूच सरकवायची.

'तान्पो' हे नाव सरावाच्या भाल्याच्या टोकाला बांधतात त्या गादीवरून आलं. 'किरि' म्हणजे कापलेलं. काठीवर असतो तोवर तो नुसता तान्पो. तुकडे करून भांड्यात गेला की किरितान्पो.

रस्सा कोंबडीचा असतो, आणि तीही साधी चालत नाही. हिनाइ-दोरी ही इथली जुनी जात 1942 मध्ये नैसर्गिक ठेवा म्हणून संरक्षित झाली, त्यामुळे ती खायची नाही. जेवणात येते ती हिनाइ-जिदोरी, म्हणजे हिनाइ-दोरीचा कोंबडा आणि ऱ्होड आयलंड रेड कोंबडी यांचा संकर. यातल्या माद्या किमान दीडशे दिवस वाढवतात. त्यामुळे मांस घट्ट असतं, आणि हाडं मंद आचेवर उकळली की वर पिवळी चरबी तरंगते. ती काढून टाकू नये, चव तिच्यातच असते. त्यात सोया सॉस, साके म्हणजे तांदळाचं मद्य, आणि थोडं मिरिन, म्हणजे स्वयंपाकाचं गोड तांदूळ-मद्य, घालतात.

[दृश्य : भांडं उकळतंय. एकेक जिन्नस पडतोय.]

आता क्रम. आधी मांस आणि गोबो. गोबो म्हणजे लांब, मातकट वासाचं मूळ. पेन्सिलीला टोक काढतात तसे त्याचे काप काढायचे. मग माइताके अळंबी आणि नेगी, म्हणजे तिथला जाड पातीचा कांदा. भाज्या शिजल्या की तान्पो, फक्त दोन-तीन मिनिटं. सगळ्यात शेवटी सेरी, कोथिंबिरीच्याच कुळातली पाणथळ भाजी. ती मुळांसकट घालतात, मुळांतला चिखल बोटांनी उकलून धुवून. आधी मुळं, मग देठ, पानं तर आच बंद करण्याच्या बेतात. मुळं कापून टाकली तर अर्धी सेरीच गेली, कारण तिचा वास मुळांत असतो.

बाहेर खायचं तर वेळ सांभाळा. दुपारचं जेवण आटोपलं की बरीच दुकानं दोन-अडीचला बंद होतात आणि पाचच्या सुमारास पुन्हा उघडतात. दारावरचा कापडी पडदा आत घेतलेला दिसला तर दुकान बंद समजायचं. नाबे, म्हणजे असं भांड्यातलं जेवण, अनेक ठिकाणी दोघांपासून पुढेच देतात आणि आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. सोबत रोख येन ठेवा. काझुनोची हानावा लाइन ही रेल्वे दिवसातून मोजक्याच फेऱ्या करते, म्हणून परतीची गाडी आधी बघा आणि मगच टेबल ठरवा.

शाकाहारी असाल तर नाबे सोडा, रस्साच कोंबडीचा आहे. तुमच्यासाठी मिसो-तान्पो : काठीवरचा भाजलेला भात आणि त्यावर गोडसर मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा. हमरस्त्यावरच्या मिचि-नो-एकी थांब्यांवर तो गरमागरम मिळतो. मिसोत कधीकधी माशाचा अर्क असतो, तेव्हा एवढं विचाराच : "दाशी वा हाइत्ते इमासु का?", म्हणजे यात दाशी, तो अर्क, आहे का?

[दृश्य : वाटीत तुकडा, सेरीचं मूळ, चरबीचे थेंब.]

सगळे तान्पो एकदम भांड्यात टाकू नका. वाटीत घ्याल तेवढेच सोडा. ते संपले की रस्सा पुन्हा उकळवा, पुढचे दोन घाला, आणि त्यांच्या मागोमाग ताजी सेरी.