खापराचा काठ आणि वीरगळावरच्या गाई

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या थंडीत नववीतली एक मुलगी माझ्यासमोर खापराचा तुकडा जुन्या टूथब्रशनं घासत बसली होती. गावाच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागी, नांगरटीनं वर आलेला तुकडा. शेतमालकाला विचारून आणि जागेची नोंद करून, जाणकारांच्या देखरेखीत उचललेला. धुऊन झाल्यावर तिनं तो एका कागदावर टेकवला. त्या कागदावर एकाच केंद्राची लहानमोठी वर्तुळं असतात. तुकड्याचा काठ ज्या वर्तुळावर चपखल बसेल, तेवढं मडक्याचं तोंड. "सर, बावीस सेंटिमीटर!" ती जवळजवळ ओरडलीच. दोन बोटं रुंद काठावरून अख्खं मडकं तिला दिसलं होतं. भूमितीच्या तासाला हीच मुलगी मान खाली घालून बसते.

शाळेतल्या मुलांनी पुरातत्त्वाच्या कामात असा हात घालावा, आणि हे आपल्या कोल्हापुरात व्हावं, असं मला फार वाटतं. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं आणि सातवाहनकाळातली विटांची घरं उजेडात आली. याच टेकडीनं काशाच्या वस्तूंचा साठा दिला, आणि त्यात समुद्रदेव पोसायडनची वीतभरही नसलेली रोमन मूर्ती होती. टाऊन हॉलच्या संग्रहालयात शाळेची सहल तिच्यापुढून दोन मिनिटांत पुढं सरकते. तिथं स्वतः खापर धुतलेली मुलगी उभी राहून बोलली, तर लोक थांबतील. मी थांबलेले पाहिले आहेत.

पालकांना एक भीती असते, मुलं कुठंही कुदळ घालतील. तसं होता कामा नये. उत्खननाला परवाना लागतो आणि तो लागायलाच हवा, कारण एकदा विस्कटलेला मातीचा थर पुन्हा रचता येत नाही. परवानगीनं चाललेल्या कामात मात्र मुलांना माती चाळायला, पिशवीवर थराचा क्रमांक घालायला जरूर घ्यावं.

आणि न खणताही पुष्कळ करता येतं. आपल्याकडं गावोगावी, देवळाच्या कडेला वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, उभे आहेत. एका गावात आमची मुलं अशाच एका दगडाचं माप घेत होती. दगडाला म्हशीचं दावं बांधलेलं. म्हशीचे मालक, सत्तरीचे आजोबा, बघायला आले. आठवीतला एक पोरगा त्यांना एकेक चौकट दाखवू लागला : खाली लढाई, मधे वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा.

"नाव काय ह्याचं?" आजोबांनी विचारलं.

"नाव कोरलेलं नाही, आजोबा. पण ह्या गाई बघा खाली. गुरं राखताना पडलाय हा."

आजोबा वाकले, तळाशी झिजलेल्या गाईंवरून त्यांनी अंगठा फिरवला. मग गुपचूप दावं सोडलं आणि म्हैस पलीकडच्या बाभळीला नेऊन बांधली.