सोंड, नाळ, पदर : समोच्चरेषांची मराठी नावे

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो, निमंत्रणपत्रिकेत माझा विषय ‘सह्याद्रीतील नकाशावाचन’ असा छापला आहे आणि मला पन्नास मिनिटे दिली आहेत. ज्या एका मुद्द्यासाठी मी आलो तो आरंभीच सांगून टाकतो, कारण माझ्या व्याख्यानांत तो शेवटी राहून जातो, अशी घरच्यांची तक्रार आहे. मुद्दा असा की, स्थलनिर्देशक नकाशावर, म्हणजे आपण ज्याला टोपोशीट म्हणतो त्यावर, ज्या तपकिरी समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, असतात, त्यांच्या वळणांना डोंगरातल्या माणसांनी फार पूर्वीच नावे देऊन ठेवली आहेत. सोंड, नाळ, खिंड, पदर, माची हे शब्द ज्याला कळतात त्याला निम्मा नकाशा आधीच येत असतो. त्याला ते कोणी सांगितलेले नसते इतकेच.

हे मला उशिरा उमगले. मी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. समोच्चरेषांवर गुणांचा हमखास प्रश्न यायचा, मुले शंकूच्या आकाराची टेकडी अगदी रेखीव काढायची आणि वर्गाच्या खिडकीतून दिसणारी टेकडी नकाशावर दाखवा म्हटले की सारा वर्ग माझ्या तोंडाकडे पाहायचा. त्यात मुलांचा दोष नव्हता. खिडकीबाहेरच्या टेकडीला ती मुले ‘टेपाड’ म्हणत आणि तो शब्द मी फळ्यावर कधीच लिहिला नव्हता.

आता कोकणकड्याची गोष्ट सांगतो. माझी फजिती इथे अनेकांना ठाऊक आहे, पण नव्या मंडळींसाठी ती पुन्हा सांगण्याची मुभा असावी. डिसेंबर महिना होता. हरिश्चंद्रगडावर जाऊन कोकणकड्यावरून सूर्यास्त पाहायचा, असे आम्हा चौघांचे ठरले. गाडी माझ्या मित्राची होती, तो फोनच्या शब्दाबाहेर जात नाही आणि त्याने फोनमध्ये गडाचे नाव न घालता थेट ‘कोकणकडा’ असे घातले होते. आळेफाट्याला मिसळ झाली. पुढे ओतूरहून उजवीकडे वळून ब्राह्मणवाडा आणि कोतूळमार्गे गडाच्या पायथ्याच्या पाचनईला जाता येते हे मला माहीत होते, पण गाडी सरळ निघाली तेव्हा स्वारी खिरेश्वरच्या बाजूने गडावर चढणार असे मी धरून चाललो आणि निर्धास्त झोपलो. जाग आली ती कानांत दडे बसल्यामुळे. काच खाली केली तर हवा उबदार लागली. भूगोलाच्या शिक्षकाला एवढ्यावरून कळायला हवे होते की आपण माळशेज घाट उतरतो आहोत. मला ते आणखी चार वळणांनी कळले. टोपोशीट घरी कपाटात होते.

बेलपाड्याला रस्ता संपला तसा आपण मुक्कामी पोहोचल्याचे फोनने जाहीर केले. त्याच्या दृष्टीने तो खोटे बोलत नव्हता. पडद्यावरची खूण जेमतेम दोन-तीन किलोमीटरांवर होती आणि कडाही समोर दिसत होता, फक्त तो सुमारे हजार मीटर वर होता. गुरे घेऊन निघालेले एक आजोबा थांबले. आम्हाला कुठे जायचे आहे ते त्यांनी ऐकून घेतले, चौघांच्या पोटांवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, “कड्यावर जायचं, तर मग खाली कशाला आलात?” या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

मग त्यांनी हातातल्या काठीने वाट दाखवली. ओढा धरून नाळेच्या, म्हणजे कड्यातल्या उभ्या घळीच्या, तोंडाशी जा, नाळेत मोठे धोंडे आहेत, मध्ये कातळटप्पे लागतील, तिथे दोर हवा, आणि वर गेल्यावर कुठल्या धारेवर निघायचे तेही त्यांनी सांगितले. प्रस्तरारोहण करणारी मंडळी ज्या नळीच्या वाटेचे नाव आदराने घेतात तीच ही. आमच्याजवळ दोर नव्हता, तयारी नव्हती आणि चौघांपैकी दोघांचे गुडघे शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षेत होते. आम्ही सूर्यास्त खालूनच पाहिला. सूर्याकडे पाठ करून बसलो होतो, कारण उजेडात आधी पिवळा आणि मग तांबूस होत जाणारा कडा पाठीमागच्या सूर्यापेक्षा देखणा होता.

घरी आल्यावर मी कपाटातले टोपोशीट काढले. आजोबांची वाक्ये जशीच्या तशी कागदावर उमटलेली दिसली. ओढ्याची रेघ काळी होती, म्हणजे पाणी बारमाही नाही. तिच्यावर समोच्चरेषांची टोके एकामागून एक चढाकडे घुसलेली होती, ती नाळ. आणि वर रेषा एकमेकींना चिकटून जाड तपकिरी पट्टा झाला होता, तो कडा. रस्त्यांच्या जाळ्यावर चालणाऱ्या त्या फोनला खुणेच्या सर्वांत जवळ येणारा मोटाररस्ता तेवढा दिसला. मधल्या उभ्या हजार मीटरांशी त्याला कर्तव्य नव्हते.

याचा अर्थ मी फोनच्या विरोधात आहे असे कृपा करून समजू नका. चार उपग्रहांचे संदेश मिळाले की, वीस हजार किलोमीटरांवरून येणाऱ्या त्या संदेशांच्या आधारे मोकळ्या आभाळाखाली काही मीटरांच्या आत आपली जागा सांगणारे साधन पन्नास रुपयांच्या होकायंत्राने हिणवावे, असे काही नाही. होकायंत्राचीही प्रतिष्ठा मी पाहिली आहे. एका गडावर आमच्या नेत्याने ते लोखंडी तोफेवर ठेवून उत्तर दिशा ठरवली होती आणि आम्ही सारे आज्ञाधारकपणे दुसरीकडेच चालू लागलो होतो. तरीही साधनाने दिलेला आकडा कशावरून मोजला आहे, हे विचारण्याची सवय हवी. गिरगाव चौपाटीवर उभे राहून काही फोनांवर उंची पाहिली तर ती उणे साठच्या आसपास दिसते. आपण बुडालेलो नसतो. उपग्रह उंची मोजतात ती पृथ्वीच्या एका गणिती लंबगोलापासून, आणि भारताच्या परिसरात प्रत्यक्ष समुद्रपातळी त्या लंबगोलाच्या खाली गेलेली आहे. जुन्या टोपोशीटची भानगड आणखी वेगळी आहे. ती ज्या एव्हरेस्ट लंबगोलावर आखली आहेत तो उपग्रहांच्या लंबगोलापेक्षा निराळा असल्याने, फोनवरचे अक्षांश-रेखांश रूपांतर न करता तसेच कागदावर मांडले तर आपल्या भागात शंभर मीटरांहून अधिक फरक पडतो. नकाशावर तो दोन-अडीच मिलिमीटर असतो. चिंचोळ्या धारेवर त्याचा अर्थ काय होतो, हे या सभागृहाला सांगायला नको. ज्या मोजणीतून हे नकाशे पुढे उभे राहिले ती विल्यम लॅम्बटनने 1802 मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून सुरू केली आणि तो 1823 मध्ये वारला तो आपल्या हिंगणघाटला. त्याच्यावर मी वेगळे व्याख्यान देऊ शकतो.

चिठ्ठी मिळाली. अध्यक्षांनी ‘सात मिनिटे’ असे लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. तर मूळ मुद्दा.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 प्रमाणाच्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर आणि लागोपाठच्या दोन समोच्चरेषांमध्ये उंचीचा फरक वीस मीटर. एवढे घेऊन बसा आणि आता शब्द लावा. रेषांचे टोक उताराकडे पुढे आले असेल तर ती सोंड, चढाकडे आत शिरले असेल तर नाळ, घळ किंवा ओढा. सोंडेने उतरताना दोन्ही बाजूंचे दिसते, नाळेत शिरले की समोरचा धोंडा तेवढा दिसतो, आणि दोन्ही भिंतींमुळे उपग्रहही झाकले जातात, म्हणजे फोन नेमका तिथेच चाचपडतो. दोन उंचवट्यांच्या मध्ये रेषा कमरेसारख्या आवळल्या की खिंड. एक-दोनच बंद वेटोळी असली तर टेपाड, लहानशा जागेत अनेक वेटोळी दाटली तर सुळका. रेषा दाट, मग एकदम विरळ, मग पुन्हा दाट झाल्या तर मधली विरळ जागा म्हणजे पदर, आणि तिथे बहुधा जंगल असते.

सह्याद्रीत हा दाट-विरळ क्रम वारंवार येतो, कारण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचले आणि पुढे कठीण थरांचे कडे उरले, तर मऊ थर झिजून पायऱ्या पडल्या. मात्र इथेच नकाशा फसवतो. पंधरा मीटरांचा सरळसोट कातळ वीस मीटरांच्या दोन रेषांमध्ये सहज लपतो. तो रेषांवरून कळत नाही, गावात विचारल्यावर कळतो. तेव्हा आदल्या रात्री वाट कागदावर बोटाने चाला आणि प्रत्येक वळणाला वरचा एकेक शब्द मोठ्याने म्हणा. सकाळी पायथ्याच्या गावात तेच शब्द वापरून वाट विचारा. उत्तरात तुमच्याकडे नसलेला शब्द आला तर निघण्यापूर्वी तिथेच थांबून तो समजून घ्या. फोन खिशात राहू द्या, फक्त आदल्या रात्री त्यात नकाशा उतरवून घ्या, कारण नाळेत रेंज नसते.

मागच्या टेबलावर 47 एफ/11 आणि 47 एफ/12 ही दोन टोपोशीटे शेजारी मांडली आहेत. तोरणा पहिल्यावर आहे. राजगडाचा बालेकिल्ला दुसऱ्याच्या अगदी वरच्या कडेला सापडेल, म्हणजे राजगड-तोरणा करणाऱ्याला दोन्ही विकत घ्यावी लागतात. राजगडाच्या संजीवनी माचीकडून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणारी धार आपापल्या बोटाने शोधा. माझी प्रत जुनी आहे, तिची एक घडी नेमकी वाटेतल्या खिंडीवर पडली होती आणि तिथला कागद आता झिजून गेला आहे. त्या भोकात खिंड आहे असे समजावे.