सडा रिकामा नाय

(दृश्य: संध्याकाळचा सडा. कातळावर खराटा फिरतोय.)

हा आवाज ऐकताय ना, खराट्याचा, तो अंगणातला नाय बरं का. राजापूर तालुक्यात बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, आमची काकी कातळ झाडतेय. माती बाजूला झाली तरी आधी काय दिसत नाही, ऊन तिरपं व्हायची वाट बघायला लागते. मग उन्हं उतरली की कातळात एक रेघ उठते, मग शेजारची दुसरी, आणि एकदम कळतं की आपण मगासपासून ज्याच्यावर चपला घालून उभे होतो तो कुणाचातरी पाय आहे. मधे माणूस, दोन्ही अंगाला दोन वाघ. अभ्यासक म्हणतात, कोकणातली ही कातळशिल्पं दहा हजार वर्षांपेक्षाही जुनी असू शकतात. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत कोकणातली जी ठिकाणं गेली त्यात हे बारसू आहे, काशेलीचा तो अवाढव्य हत्ती आहे, देवाचं गोठणं आहे.

आणि सातबाऱ्यावर? पोटखराब. पडीक.

(दृश्य: पावसाळ्यातला सडा, फुलं, डबकी)

आता हे पडीक म्हणजे काय ते जून संपल्यावर येऊन बघा. वर जांभा दगड, भोकाभोकाचा, पाऊस पडला की पाणी पितो आणि हळूहळू खाली सोडतो. सड्यावर जे मुरतं ते खाली वाडीतल्या विहिरीला लागतं, पऱ्याला लागतं, त्याच्यावर भात होतं. राजापूरची गंगा माहितीये ना, उन्हाळे गावातली, चौदा कुंडं, मनात येईल तेव्हा येते आणि जाते, ती सगळ्यांना माहीत असते, त्या गंगेच्या दर्शनाला लोक मुंबईहून येतात, पण आपल्या विहिरीचं पाणी सड्यावरून येतं हे सांगायला गेलं की माणूस मोबाईल काढतो. असो. श्रावणात इथं सीतेची आसवं फुलतात, निळी, गेंद फुलतात, गुरं चरतात, पोरं क्रिकेट खेळतात. एवढं सगळं होतं त्या जागेला कागदावर एकच शब्द.

मे २०१७ मध्ये नाणारच्या भागात रिफायनरीसाठी जमिनीची अधिसूचना निघाली. वर्षाला ६ कोटी टन कच्चं तेल, तीन सरकारी तेल कंपन्या आणि सोबत सौदी, अबुधाबीची भागीदारी, एवढा मोठा कारभार. लोकांनी विरोध केला, २०१९ ला अधिसूचना रद्द झाली. मग नाव आलं बारसू-सोलगावचं. आणि एप्रिल २०२३ मध्ये माती तपासणीच्या गाड्या सड्यावर आल्या तेव्हा बायका रस्त्यावर आडव्या झाल्या.

ते व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. मी जे सांगतोय ते व्हिडिओत नाहीये. एप्रिलमधला कातळ कसा तापतो ते. झाड नाही, सावली नाही, दुपारी चप्पल काढली तर पाय भाजतो आणि त्याच्यावर साठीतल्या, सत्तरीतल्या बायका पदर डोक्यावर घेऊन बसलेल्या, फडक्यात भाकरी, पाण्याची बाटली गरम झालेली. जमावबंदी लागलेली, पोलिसांच्या गाड्यांची रांग. नंतर लाठ्या आणि अश्रुधूर पण झाला. बायकाच एवढ्या पुढं का, असं शहरातले विचारतात. अहो, बाप्ये सगळे मुंबईला! कोकणातल्या निम्म्या वाड्या मनीऑर्डरवर वाढल्या, घर, गुरं, शेत, सण सगळं बायकांनीच सांभाळलेलं, मग मोर्चा पण त्याच सांभाळणार. मुंबईकर मंडळी ग्रुपवर अंगठे देत होती, काही जण रात्रीची गाडी पकडून आलीही, त्यांना नावं ठेवणार नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत राजापुरात एका पत्रकाराला गाडीने चिरडून मारलं. रिफायनरीवर लिहीत होते ते. खुनाचा गुन्हा दाखल झाला. आमच्याकडं त्यानंतर काही दिवस माणसं चहाच्या टपरीवर पण हळू आवाजात बोलायची.

(दृश्य: गावातलं घर, ओटी)

आता थोडं घरातलं बोलतो. माझा चुलतभाऊ रिफायनरीच्या बाजूने आहे आणि तो मूर्ख नाहीये. त्याची आई आजारी पडली तेव्हा गाडी करून आधी रत्नागिरी, मग कोल्हापूर असं फिरावं लागलं. पोरगा आयटीआय करून पुण्याला बारा हजारावर राबतोय. तो म्हणतो, तुम्हाला सडा हवा, मला माझा पोरगा घरात हवा. यावर मी काय उत्तर देणार? दिलं काहीतरी, वाद झाला. त्या वर्षी गणपतीत आम्ही एकाच आरतीला दोन टोकांना उभे होतो, टाळ वाजवत, एकमेकांकडं न बघता. मोर्चाचा फोटो पेपरात येतो, ह्याचा येत नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी सांगायला जीभ जड होते. आमच्या गावातली पहिली मीटिंग देवळाच्या सभामंडपात ठेवली होती. गावकीची सवय, काही झालं की देवळात जमायचं, गाऱ्हाणं घालायचं, होय म्हाराजा म्हणायचं. माणसं कमी आली. कोण आलं नाही ते मोजायला बसलो तर बौद्धवाडीतलं एकही माणूस नाही, मोहल्ल्यातलं एकही नाही. आमच्यातला एक जण लगेच म्हणाला, त्यांना काय पडलेलं नाही. तेव्हा काकीच बोलली, "अरे, पडलेलं नाय काय? त्यांना तू बोलावलंस खंय?" बोलावलं होतं हो, ग्रुपवर मेसेज टाकला होता. पण ज्या मंडपाच्या पायरीशी त्यांच्या आजोबाला थांबवलं होतं तिथं मेसेज बघून कोण येणार.

पुढची मीटिंग शाळेच्या मैदानात झाली. सतरंज्या मोहल्ल्यातून आल्या, चहा बौद्धवाडीतून. आता हे ऐकून टाळ्या वाजवू नका, कारण आमच्यातले चारजण चहाला हात न लावता बसले होते, मी मोजलेत.

(दृश्य: महाडचं चवदार तळं)

म्हणून ही फिल्म राजापूरला थांबत नाही, महाडला येते. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. १९२४ ला महाड नगरपालिकेनं पण आपलं तळं खुलं केलं. कागदावर! पुढची तीन वर्षं एकाही अस्पृश्य माणसाला तिथं पाणी भरता आलं नाही. मग २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि परिषदेला आलेली हजारो माणसं रांगेनं तळ्यापर्यंत चालत गेली आणि पाणी प्यायली. बस, चालत गेली आणि पाणी प्यायली, एवढंच केलं. त्यावर देवळात शिरणार अशी अफवा उठवून परतणाऱ्या लोकांना झोडपलं. बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट बघत शेकडो जवान माणसं उभी होती, त्यांनी तो शब्द दिला नाही, लोकांना शांत केलं. मला या सगळ्यात ते सगळ्यात अवघड वाटतं. मार खाल्लेल्या माणसाला थांब म्हणणं.

नगरपालिकेनं ऑगस्टमध्ये आपला ठराव मागं घेतला. तळं शेणा-गोमूत्रानं शुद्ध करून झालं होतंच. पुढं कोर्टकचेऱ्या, आणि हायकोर्टाचा निकाल लागला १९३७ ला. एका ओंजळ पाण्याला दहा वर्षं. तिकडं अलिबागजवळ चरी गावचे शेतकरीपण त्याच काळात खोतांविरुद्ध, म्हणजे जमीनदारांविरुद्ध संपावर, १९३३ ते १९३९, शेतं पडीक ठेवून, जंगलातली लाकडं विकून दिवस काढलेले.

आणि हेच महाड २२ जुलै २०२१ ला सावित्री नदीच्या पाण्याखाली होतं. त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर आला, ऐंशीच्या वर माणसं गेली. चिपळूणही त्याच दिवशी बुडालं. त्याच्या आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला आदळलेलं, नारळ-पोफळीच्या बागा झोपल्या, मग मे २०२१ ला तौक्ते, ऐन हापूसच्या दिवसात. हवामान बदल हा शब्द आमच्याकडं कुणी वापरत नाही, म्हणतात, "आता काय भरवसा नाय." चिखल काढायला महाडला आमच्या गावातून टेम्पो गेला होता, त्यात माझा चुलतभाऊ पण होता, फावडं घेऊन, सगळ्यात पुढं. परत आल्यावर आम्ही बोलायला लागलो होतो, मग २०२३ आलं.

(दृश्य: २० मार्च, तळ्यावरची गर्दी)

यंदा बौद्धवाडीतली मंडळी दरवर्षीप्रमाणे महाडला निघाली तेव्हा काकी म्हणाली, मीपण येतंय. सत्तर वर्षांत पहिल्यांदा. तिच्यासोबत मी, आणि मोहल्ल्यातला एक मित्र ज्याची गाडी होती. एवढी गर्दी, निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल, भीमगीतं. काकी तळ्याजवळ गेली, चपला बाजूला काढल्या आणि बराच वेळ पाण्याकडं बघत राहिली. मी कॅमेरा सुरू ठेवला होता, म्हटलं आता काहीतरी मोठं बोलेल.

बाजूला कागदी ग्लास पडले होते, पाला पडला होता. काकीनं ते ग्लास एकेक उचलून आपल्या पिशवीत भरले. मग इकडंतिकडं बघून बौद्धवाडीतल्या पोराला विचारलं, "खराटा खंय ठेवतत रे हितं?"