पडद्यावरचा घोडा आणि मैदानावरचा

श्रोतेहो, नमस्कार.

नागपूरच्या माणसाने घोड्यांची रेस पाहिली असेल, तर ती बहुधा बर्डीवरच्या किंवा सदरच्या एखाद्या टॉकीजमध्ये. महालक्ष्मीचं मैदान मुंबईत, दुसरं पुण्यात. आपल्या वाट्याला आला तो पडदा. मीही शाळेत असताना पहिली रेस तिथेच पाहिली. डोळ्याला दुर्बीण लावलेला श्रीमंत बाप, शेवटच्या वळणावर सगळ्यांच्या मागे पडलेला घोडा, आणि तोच जिंकणार हे पुढच्या रांगेतल्या पोरासोरांनाही ठाऊक. पुढे मी सेमिनरी हिल्सला पशुवैद्यक शिकलो आणि पदवी हातात पडल्यावर दोन हंगाम रेसकोर्सवर एका ज्येष्ठ डॉक्टरांच्या हाताखाली काम केलं. पावसाळ्यात पुणे, हिवाळ्यात मुंबई. त्याला आता चाळीसेक वर्षं झाली. पण तेव्हापासून रेसचा चित्रपट मला साधेपणाने पाहता येत नाही. का, तेच आज सांगणार आहे.

सुरुवात आवाजापासून करतो. चित्रपटात घोडा भरधाव पळता पळता खिंकाळतो. हे होऊच शकत नाही. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो, आणि चौखूर पळताना त्याचा श्वास झेपेशी बांधलेला असतो: एक झेप, एक श्वास. पुढचे पाय जमिनीवर आले की हवा बाहेर, अंग लांबवलं की आत. उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला तीस-चाळीस ठोके चालते, ती शर्यतीत दोनशेच्या वर जाते. त्या घटकेला खिंकाळायला त्याच्याजवळ श्वास शिल्लक नसतो. कठड्यापाशी उभं राहिलात तर ऐकू येतो तो नाकपुड्यांचा फुरफुराट, चामड्याची करकर, वाट मागणाऱ्या जॉकींची ओरड. आणि टापा कानाआधी पायांना कळतात. आपल्याकडे शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, कडेला जे उभे राहिले आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. जोडी सुटली की जमीन तळपायाला सांगते. घोड्यांच्या रेसमध्ये तर साडेचारशे-पाचशे किलोचे दहा-बारा जीव ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने अंगावरून जातात. बाराशे मीटरची रेस सव्वा मिनिटात आटोपते. पडद्यावर तेवढ्या वेळात नायिकेचे अश्रूसुद्धा पुसून होत नाहीत.

तरी पळण्याच्या बाबतीत चित्रपटाला मी फार दोष देणार नाही. २००३ सालच्या ‘सीबिस्किट’मध्ये जॉर्ज वुल्फ या जॉकीचं काम गॅरी स्टीव्हन्सने केलंय. तो स्वतः अमेरिकेतला नावाजलेला जॉकी. शर्यतींची आखणीही ख्रिस मॅकॅरन या जुन्या जॉकीची. त्यामुळे रिकिबीत उभं राहून पाठ सपाट ठेवणारा, हात घोड्याच्या मानेबरोबर पुढेमागे नेणारा जॉकी त्यात दिसतो. आपल्याकडे नायक खोगिरात बसून आपटत राहतो आणि तरी जिंकतो. त्या चित्रपटातली सीबिस्किट आणि वॉर ॲडमिरल या दोन घोड्यांची लढत १ नोव्हेंबर १९३८ रोजी खरोखर झाली होती आणि कोट्यवधी लोकांनी ती रेडिओवर ऐकली होती. दिग्दर्शकाने त्या शर्यतीच्या सुरुवातीला घोडे सोडून रेडिओभोवती जमलेल्या माणसांचे चेहरे दाखवलेत. मला तो प्रसंग फार आवडतो, आणि या स्टुडिओत बसून सांगताना तर अधिकच.

चित्रपट बहुतेक वेळा जे गाळतो ते आहे वजन, आणि इथेच घोडं पेंड खातं.

रेस म्हणजे सगळ्यात वेगवान घोडा कोणता हे ठरवणं, असं आपण धरून चालतो. डर्बीसारख्या मानाच्या शर्यतींत ते खरंही आहे. इतर बहुतेक शर्यती मात्र हँडिकॅपच्या असतात. प्रत्येक घोड्याला त्याच्या मागच्या कामगिरीवरून गुण दिलेले असतात, आणि एका गुणामागे अर्धा किलो अशा हिशेबाने चांगल्या घोड्यावर जास्त भार टाकतात. जॉकी हलका असेल तर खोगिराखालच्या कापडाच्या खिशात शिशाच्या पट्ट्या भरून वजन पुरं करतात. मी त्या पट्ट्या हातात घेतल्या आहेत. अंगठ्याएवढ्या जाड, काळपट, हाताला थंड. घोडा जिंकला की त्याचे गुण वाढतात, पुढच्या वेळी भार वाढतो. सतत हरला की भार उतरतो. ही सगळी खटपट कशासाठी? तर सगळे घोडे विजयाच्या खांबापाशी एका रेषेत यावेत आणि कोण जिंकणार हे कोणालाही आधी कळू नये यासाठी. चित्रपटाची गोष्ट मात्र कोणाला तरी ते आधी कळलेलं असण्यावर उभी असते.

रेस संपल्यावर जॉकी खोगीर काढून पुन्हा काट्यावर उभा राहतो. वजन कमी भरलं तर जिंकलेला घोडाही बाद. म्हणून निकाल पक्का झाल्याची घोषणा होईपर्यंत जाणता माणूस तिकीट खिशात ठेवतो. पडद्यावर सगळे ते लगेच फाडून हवेत उडवतात. रेसनंतरचे असे नियम चित्रपटाने मनावर घेतल्याचं एक उदाहरण मला आठवतं, १९४४ सालचा ‘नॅशनल व्हेल्वेट’. त्यातली कोवळी मुलगी मुलाच्या वेषात ग्रँड नॅशनल ही इंग्लंडमधली मोठी शर्यत जिंकते, पण ठरलेल्या जागी पोचण्याआधीच घोड्यावरून खाली येते आणि बाद होते. ग्रँड नॅशनल बाईने जिंकावी ही तेव्हाची निव्वळ कल्पना. एप्रिल २०२१ मध्ये रेचल ब्लॅकमोरने ती खरी केली. सत्याला तिथवर यायला ७७ वर्षं लागली, आणि तेवढ्यापुरता मी चित्रपटाला मुजरा करतो.

आता पैज. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

चित्रपटातला नायक पैशांनी भरलेली बॅग घेऊन खिडकीवर जातो, कोणी विचारत नाही अशा घोड्यावर सगळी रक्कम लावतो आणि कोट्यधीश होऊन परततो. मैदानावरच्या टोटच्या खिडकीत असं घडणं शक्य नाही. टोट म्हणजे सगळ्यांच्या पैजेचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटण्याची पद्धत. तिचा हिशेब बघा. एका रेसवर सगळ्यांचे मिळून एक लाख रुपये जमले. त्यातून कर आणि क्लबचा वाटा आधी बाजूला काढतात. समजा वीस हजार. उरलेले ऐंशी हजार जिंकणाऱ्या घोड्यावर पैसे लावणाऱ्यांत वाटले जातात. नायकाच्या घोड्यावर लोकांनी फक्त एक हजार लावलेत, म्हणजे रुपयाला ऐंशी रुपये भाव. आता नायक स्वतःचे एक लाख त्याच घोड्यावर लावतो. एकूण जमा झाले दोन लाख. वीस टक्के गेले, राहिले एक लाख साठ हजार. ते वाटायचे एक लाख एक हजारांवर. रुपयाला मिळतात एक रुपया अठ्ठावन्न पैसे! नायकाच्या बॅगेनेच नायकाचा भाव पाडला. बुकीकडे भाव आधी ठरलेला असतो हे खरं, पण एवढी रक्कम समोर आली की तोही फळ्यावरचा आकडा पुसून नवा लिहितो.

याची दुसरी बाजूही पाहा. १९७३ साली अमेरिकेत सेक्रेटॅरिएट नावाच्या घोड्याने बेलमाँटची शर्यत ३१ लेंग्थने जिंकली. एकामागे एक उभ्या केलेल्या ३१ घोड्यांएवढं अंतर. त्याच्यावर २०१० साली चित्रपटही आला. तो जिंकणार याबद्दल त्या दिवशी फारशी कोणाला शंका नव्हती. त्याच्यावर दोन डॉलर लावणाऱ्याला किती मिळाले? दोन डॉलर वीस सेंट. पाच हजार सहाशेहून अधिक तिकिटं तर लोकांनी वटवलीच नाहीत, आठवण म्हणून घरी ठेवली. जे सगळ्यांना पक्कं माहीत असतं, त्याला भाव मिळत नाही.

आमच्या वस्तीत एक गृहस्थ होते. पक्की नोकरी, दोन मुली. मी रेसकोर्सवर काम केलंय हे कळल्यापासून ते दर शनिवारी फाटकाशी येऊन उभे राहत. “डॉक्टरसाहेब, तुम्ही तं आतले मानूस. जॉकीले आधीच मालूम रायते म्हणे, कोन जितनार ते. एखादा नंबर सांगा ना.” हे त्यांनी कुठून घेतलं होतं ते उघड होतं, आम्ही दोघांनी एकाच टॉकीजमध्ये तेच चित्रपट पाहिले होते. ते पैसे लावत एका चिठ्ठीवाल्याकडे. तो पूर्णपणे बेकायदा धंदा. परवाना असलेल्या मैदानावरची पैज वेगळी, गल्लीतली वेगळी. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ असल्याचा निकाल दिला, तेव्हा ते वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आले होते. मी म्हटलं, भाऊ, कौशल्य आहेच. पण ते असलेल्या माणसालाही आधी तो कापला जाणारा वाटा भरून काढावा लागतो, मग पुढचा फायदा. आज तर अशा पैजेवर जीएसटी ४० टक्के आहे आणि जिंकलेल्या पैशांवर ३० टक्के आयकर वेगळा.

एकदा त्यांनी मला त्यांची वही दाखवली. दोनशे पानी, पट्टीने रकाने आखलेली. तारीख, घोडा, भाव, मिळालेली रक्कम. सगळं लाल शाईत, सुवाच्य. दोन वर्षांत अकरा नोंदी, अकराही जिंकल्याच्या. मी विचारलं, “मधले रविवार?” ते गप्प राहिले. वहिनी भाजी निवडत बसल्या होत्या. मान वर न करता त्या एकेक सांगू लागल्या. त्या रविवारी मोठीची फी राहिली. त्या रविवारी किराणावाल्याला पुढच्या महिन्याचं सांगितलं. त्या रविवारी माझ्या पाटल्या. त्यांना घोड्यांची नावं माहीत नव्हती, तारखा मात्र तोंडपाठ होत्या. गृहस्थांनी वही मिटली. पैजेचे जे चित्रपट मी पाहिलेत, ते बहुतेक त्या लाल शाईच्या वहीवरून लिहिलेले वाटतात. वहिनींची वही अजून कोणी उघडलेली नाही.

पैजेच्या बाबतीत मला सगळ्यात खरा वाटलेला चित्रपट म्हणजे १९७३ सालचा ‘द स्टिंग’. त्यातला पैजेचा अड्डाच बनावट आहे आणि शर्यत फक्त निवेदकाच्या आवाजातून कळते. सावजाला पटवून दिलेलं असतं की तारेने येणारे निकाल आपल्या माणसाला आधी समजतात. तो पाच लाख डॉलर लावतो आणि बुडतो. बुडतो तोही ‘विन’, म्हणजे घोडा पहिला येणं, आणि ‘प्लेस’, म्हणजे पहिल्या दोघांत येणं, या दोन शब्दांच्या घोळात. अशी बनावट अड्ड्यांची फसवणूक अमेरिकेत खरोखर चालत असे. माणसाला लुटायला घोडा लागत नाही. आतली बातमी आपल्याकडे आहे एवढा त्याचा विश्वास पुरतो. आमच्या गृहस्थांना तो चित्रपट मी आग्रहाने दाखवायला हवा होता. नाही दाखवला, याची चुटपुट आजही आहे.

आणि घोडा? चित्रपटात खलनायक रात्री तबेल्यात शिरून घोड्याला इंजेक्शन टोचतो. उत्तेजकं देण्याचे प्रकार झाले आहेत, म्हणूनच रेसनंतर घोड्यांचे नमुने घेऊन तपासतात. पण मी जे रोज पाहिलं ते याहून कितीतरी साधं होतं. पुण्यातला जुलै, पहाटेची भुरभुर, तबेल्यात ओल्या गवताचा आणि लिदीचा वास. सईस खाली बसून घोड्याच्या पुढच्या पायावरून तळवा फिरवतोय, गुडघ्यापासून खुरापर्यंत, मागच्या शिरेवरून, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीवरून, अगदी सावकाश. एका जागी त्याचा हात थांबला. “साब, यहाँ गरम है.” मी हात लावला, मला काही कळेना. डॉक्टरांनी लावला आणि मान डोलावली. दोन बोटं रुंदीची जागा, जराशी कोमट. घोडा नीट चालत होता, दाणा खात होता. शनिवारच्या रेसचा तो फेव्हरिट होता. त्याला काढून घेतलं. मालक नाराज, ट्रेनर नाराज, मैदानावर अफवांना ऊत आला. तसाच पळवला असता तर ती शीर तुटली असती. त्या सईसचं नाव कोणत्याही रेसबुकात छापलं जात नाही. त्याच्या तळव्यावर मात्र एखादा चित्रपट मी आनंदाने पाहीन.

पडद्यावरची गोष्ट विजयाच्या खांबापाशी संपते. घोडा तेव्हा चार-पाच वर्षांचा असतो आणि पंचवीस वर्षंही जगू शकतो. पुढे त्याचं काय होतं? काहींना पैदाशीसाठी ठेवतात, काही घोडेस्वारीच्या शाळेत जातात, आणि कित्येकांच्या वाट्याला फार हाल येतात, हेही सांगितलं पाहिजे. एक वाट मात्र बहुतेकांना ठाऊक नसते. पुण्याच्या पूनावालांच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला लस आणि रक्तजल बनवण्यासाठी दिले जात. त्यातूनच पुढे १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. सर्पदंशावरचं औषधही घोड्याच्याच रक्तातून तयार होतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांचं विष अगदी थोडं थोडं टोचून, घोड्याच्या शरीरात उतारा तयार होऊ देऊन.

नोकरीच्या काळात मी गोंदियाकडे होतो. रोवणीचे दिवस होते. बांधावर घोणस चावलेल्या एका बाईला बैलगाडीतून आरोग्य केंद्रात आणलं होतं, आणि मी सहज म्हणून तिथे गेलेलो. नर्सबाईंनी शीतपेटीतून लहानशी कुपी काढली, त्यातली पांढरी भुकटी पाण्यात विरघळवली. जोरात हलवायची नसते, नुसती हळू हळू फिरवायची. बाईचा नवरा दाराच्या चौकटीला धरून उभा होता. रिकामी कुपी टेबलावर ठेवली तेव्हा मी ती उचलून वाचली. बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हे घोड्यापासून काढलेलं आहे. कोणत्या घोड्यापासून, ते अर्थातच लिहिलेलं नव्हतं.

नमस्कार.