व्हाळ उतरेपर्यंत थांबायचं

नमस्कार श्रोतेहो.

पावसाने जोर धरला की रविवारी सकाळी फोंडा, म्हापसा, डिचोली, मडगाव, सगळीकडून गाड्या निघतात आणि डोंगराकडे वळतात. कोणी वाळपईला, कोणी केरीला, कोणी नेत्रावळीला. मला याचा मनापासून आनंद होतो. गोवा म्हणजे किनारा असं आपणच पाहुण्यांना सांगत आलो, आणि आपल्या पूर्वेला सह्याद्री उभा आहे हे घरातल्या मुलांना सांगायचं राहून गेलं. मी भूगोल शिकवते. गोव्यातलं सर्वांत उंच शिखर कुठलं, असं वर्गात विचारलं की शांतता पसरते. समुद्रकिनाऱ्यांची नावं मात्र सगळ्यांना पाठ असतात. तर सांगून ठेवते, सोसोगड, सत्तरी तालुका, उंची हजार मीटरच्या वर. कातळाची माउली, वाघेरी, मोर्लेगड हेही हजार मीटरच्या वरचे. शाळेची सहल वर्षातून एकदा तरी या डोंगरांच्या पायथ्याशी गेलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, आणि जो मुख्याध्यापक भेटेल त्याला मी ते ऐकवते.

पण आजचा विषय पावसाळी ट्रेकचा, आणि त्यातही मला एकच गोष्ट सांगायची आहे. चढलेला व्हाळ ओलांडायचा नाही. व्हाळ म्हणजे डोंगरातून येणारा ओढा. त्याचं पाणी चढलं की अलीकडेच थांबायचं. पुन्हा सांगते, कारण रेडिओवर मागचं पान उलटून बघता येत नाही. चढलेला व्हाळ ओलांडायचा नाही, अलीकडे थांबायचं, पाणी उतरतं.

आपण घाबरतो धबधब्याला. घाबरायलाच हवं. पण धबधबा समोर दिसतो, त्याचा आवाज लांबून येतो. व्हाळ तसा नाही. सकाळी जाताना तो पोटरीएवढा असतो, मुलं त्यात खेळतात, फोटो काढतात. आपण पुढे जातो आणि त्याला विसरतो. इकडे घाटमाथ्यावर, चोर्ल्याच्या बाजूला, ढग रिकामा होतो. आपण उभे असतो तिथे भुरभुर सुद्धा नसते. पण उतार तीव्र, अंतर थोडं, वरचं पाणी बघता बघता खाली येतं. व्हाळ भरायला लागतो त्यापेक्षा ओसरायला जास्त वेळ घेतो, पण ओसरतो, हेही तेवढंच खरं. म्हणून थांबण्यात अर्थ आहे.

आता मी तुम्हाला सत्तरीतली एक हकीकत सांगते. जिथे जाते तिथे सांगते, माझ्या घरची माणसं हिला कंटाळली असतील, पण सांगते.

जुलैचा शेवट होता. आम्ही फोंड्याहून निघालेलो सात-आठ जण. माझी कॉलेजात जाणारी भाची, शेजारचं एक जोडपं, बँकेतल्या दोघी मैत्रिणी, आणि वेर्ण्याच्या औषधांच्या कारखान्यात काम करणारा एक तरुण मुलगा. घाटाच्या पायथ्याच्या गावातले एक गावकर नेहमी वाट दाखवायला येतात, पण त्यांची भाताची लावणी चालू होती. म्हणून त्यांची बायको आली. आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणतो. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, कमरेला कोयता, डोक्यावरून पाठीवर प्लॅस्टिकची खोळ. त्या डोंगरात त्यांचं काजूचं भाट, म्हणजे बाग, आहे, त्यामुळे मार्च ते मे रोजची ये-जा. मला विचाराल तर पुरुष वाटाड्यापेक्षा बाई बरोबर असली की मी जास्त निश्चिंत असते. बायका वाटेवरचं बारीक बघतात.

सकाळी नवाच्या सुमाराला आम्ही व्हाळ ओलांडला. पाणी स्वच्छ, तळातले गोटे मोजता येतील असं. पलीकडच्या काठावर करंजाचं एक जुनं झाड आहे, त्याची मुळं काठावरून खाली उतरलेली. एक मूळ पुढे येऊन दोन फाट्यांत विभागलंय. वहिनींनी कोयत्याची मूठ त्या फाट्याला लावली आणि म्हणाल्या, हे बघून ठेवा. आम्ही बघितलं. खरं तर नुसतं बघितल्यासारखं केलं. सगळ्यांचं लक्ष वरच्या धबधब्याकडे होतं.

धबधबा बघून, पाय भिजवून, जळवा काढत काढत आम्ही परत निघालो. ऊन पडलं होतं, थोडा वेळ तर खोळीसुद्धा काढून ठेवल्या होत्या. दीडच्या सुमाराला व्हाळ यायच्या आधीच वहिनी थांबल्या. आम्हाला काही दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. तळातले दगड एकमेकांवर आपटल्याचा घुमणारा आवाज. त्या म्हणाल्या, ऐका. आणि पुढे गेलो तर व्हाळ ओळखू येईना. पाणी दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं, वरून पालापाचोळा, काटक्या, एक अख्खी फांदी वाहत येत होती. करंज पाण्यात उभा होता. मुळाचा फाटा कुठे दिसेना.

तो वेर्ण्याचा मुलगा म्हणाला, मावशी, माझी रात्री दहाची पाळी आहे, मला जायलाच हवं. कमरेएवढं तर पाणी, मी नदीकाठी वाढलोय, मला चांगलं पोहता येतं. बोलता बोलता त्याने बूट काढून लेस एकमेकांना बांधून गळ्यात अडकवले सुद्धा.

श्रोतेहो, तो काही बेजबाबदार मुलगा नव्हता. उलट जबाबदार होता. नवी नोकरी, खाडा पडेल ही भीती. माणसं मस्ती करताना बुडतात असं आपण म्हणतो, पण घाई असलेली, वेळेवर पोचायचं असलेली, शहाणी माणसंही अशीच पाण्यात उतरतात.

मी काही बोलायच्या आत वहिनी बाजूच्या बांबूच्या बेटात गेल्या आणि कोयत्याने एक बांबू तोडला. माणसाच्या दुप्पट उंचीचा, मनगटाएवढा जाड. पानं छाटली, त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, काठावरच उभा राहा, हा तळाला टेकव आणि उभा धरून दाखव. धरलास तर जा, मी अडवणार नाही. आणि मागून त्याच्या सॅकचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

त्याने बांबू पाण्यात घातला. आधी एका हाताने. बांबू थरथरायला लागला, अगदी वरच्या टोकापर्यंत. मग त्याने दोन्ही हात लावले, पाय रोवले. बांबू वाकला, त्याच्या तळहातांतून वर सरकला आणि सुटला. एका क्षणात वळणावर पोचला, दोन दगडांच्या मध्ये आडवा अडकला आणि मोडला. मोडल्याचा आवाज आम्हाला ऐकू आला. त्या मुलाने गळ्यातले बूट काढले, खाली बसला आणि परत पायांत घातले.

वहिनी म्हणाल्या, "रावात. उदक देंवतलें." म्हणजे, थांबा, पाणी उतरेल.

मग त्यांनी आम्हाला थोडं वर त्यांच्या काजूच्या भट्टीच्या झोपडीत नेलं. वर पत्रे, तीन बाजूंना झावळ्या. पावसाळ्यात तिथे काही नसतं, तांब्याचं भांडं घरी नेलेलं, चूल ओली. बोंडू, म्हणजे काजूची फळं, मळायच्या दगडी कुंडीत पावसाचं पाणी साचलेलं आणि त्यात बेडकांची पिल्लं. आम्ही पोयी, म्हणजे आपले गोव्याचे पाव, काढल्या, बटाट्याची भाजी काढली. इथे मी जरा वाट सोडून बोलते. ट्रेकला पोयीसारखं दुसरं खाणं नाही. कोंड्याची असते, सॅकमध्ये दबली तरी भुगा होत नाही, दुपारपर्यंत मऊ राहते, पोट भरतं. वेफर्सच्या पाकिटांनी पोट भरत नाही आणि ती पाकिटं डोंगरात पडून राहतात. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, दारात येतो तेव्हा चार जास्त घ्या. दारावर येणारे पोदेर कमी होत चालले आहेत, त्यांच्या मुलांना पहाटे भट्टीपाशी उभं राहायला नको वाटतं. आपण रोज घेतलं तर ते टिकतील. असो.

वहिनी अधूनमधून उठून व्हाळावर जाऊन यायच्या. काठाच्या चिखलात त्यांनी काठीने रेघ मारली होती. पहिल्या खेपेला आल्या आणि म्हणाल्या, रेघ गेली, अजून चढतंय. पुढच्या खेपेला, थांबलंय. मग त्या मुलालाही बरोबर न्यायला लागल्या. तो घड्याळ बघायचा, रेघ बघायचा, परत येऊन बसायचा. माझ्या भाचीने त्याला विचारलं, फोन केलास का? रेंज कुठे होती! साडेचारच्या सुमाराला तो पळत आला, मूळ दिसलं, मूळ दिसलं म्हणून. आम्ही सगळे सॅक उचलून उभे राहिलो. वहिनी म्हणाल्या, मूळ नव्हे, फाटा दिसला पाहिजे. परत बसलो.

फाटा दिसला तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. तरीही सकाळच्या जागी त्यांनी उतरवलं नाही. थोडं वर, जिथे पात्र रुंद होतं आणि पाणी पसरलेलं होतं, तिथे नेलं. बूट पायांतच ठेवायला लावले, कारण अनवाणी पाय दगडावरून घसरतो. सॅकचे छातीचे आणि कमरेचे पट्टे सोडायला लावले, म्हणजे पडलोच तर सॅक अंगावेगळी करता येते. हातात काठ्या, तोंड प्रवाहाकडे, एकमेकांचे दंड धरून, एकाचा पाय टेकल्यावर दुसऱ्याने उचलायचा. गुडघ्याच्या जरा वर पाणी होतं. दुपारी त्याच पाण्याने बांबू मोडला होता.

केरीला रेंज आली. मुलाने कारखान्यात फोन लावला. आधीच्या पाळीतला साथीदार म्हणाला, ये सावकाश, मी थांबतो. एवढंच.

तर श्रोतेहो, चढलेला व्हाळ ओलांडायचा नाही. जाताना काठावरची एक खूण बघून ठेवायची, झाडाचं मूळ, दगड, काहीही. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा यायला लागला, आवाज बदलला, या तिन्हींपैकी एक जरी झालं तरी पाण्यातून बाहेर आणि उंचावर. धबधब्याच्या कोंडीत उतरलेल्यांनी तर आधी बाहेर यायचं, मग वर काय झालं ते बघायचं.

वेळ थोडा उरलाय, बाकीचं भरभर सांगते.

अभयारण्यात शिरताना वन खात्याच्या नाक्यावर विचारा आणि नोंद करा. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, मोले, सगळीकडे. २०२३ च्या जुलैत नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले आणि वन खात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली. पावसाळ्यात नियम बदलत असतात, मागच्या वर्षी गेलो होतो म्हणून यंदा सोडतीलच असं नाही. दूधसागरला रेल्वेच्या रुळांवरून चालत जाणं हा रेल्वे कायद्याने गुन्हा आहे. बोगद्यात गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते. दूधसागर ३१० मीटरचा आहे, पाऊस सरल्यावर कुळ्याहून जीप सुरू होतात, तेव्हाही तो कुठे जात नाही.

बुटांचं म्हणाल तर खाली खोल नक्षी असलेला, चालून चालून पायाला बसलेला बूट. तळवा गुळगुळीत झालेला बूट घालून शेवाळावर जाऊ नका, मग तो कितीही महाग असो. जळवा चिकटल्या तर ओढू नका, नखाने बाजूने सरकवा. जळूच्या लाळेने रक्त गोठत नाही, म्हणून थोडा वेळ वाहतं, घाबरायचं कारण नाही. पाय ठेवण्याआधी आणि फांदी धरण्याआधी बघा, पावसात हिरवे, तपकिरी चापडे, म्हणजे विषारी साप, झुडपांवर आणि दगडांवर तासन् तास हलत नाहीत. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. तो पाय हलू न देता माणसाला उचलून आणायचं आणि रेंज मिळताच १०८ लावायचा. आणि डिसेंबर ते मे सत्तरीच्या रानात जाणाऱ्यांनी माकडतापाची चौकशी आधी करावी. तो गोचिडींमुळे होतो. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, आरोग्य केंद्राला कळवायचं.

गाण्याचे स्पीकर मात्र घरी ठेवा. ही माझी विनंती आहे आणि कारण सरळ आहे. वहिनींनी दगडांचा आवाज ऐकला तो आमच्यात कोणी गाणी लावली नव्हती म्हणून.

शेवटचं काम निघण्याच्या आदल्या रात्रीचं. गाडी कुठल्या गावात लावणार, बरोबर कोण, वाट कोण दाखवणार, परत किती वाजता येणार, हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा. आणि घरच्यांना सांगून ठेवा की अंधार पडला तरी आम्ही व्हाळाच्या अलीकडे बसलेलो असू, फोन लागणार नाही, घाबरू नका. अमुक वाजेपर्यंत वाट बघा, त्यानंतर ११२ लावा. ती वेळही कागदावर लिहा. घरी एवढं ठरलेलं असलं की व्हाळाच्या काठी कोणाचा जीव घरच्यांच्या काळजीने वरखाली होत नाही. आणि कोणाची रात्रपाळी असेल तर त्याने साथीदाराशीही आधीच बोलून ठेवावं.

नमस्कार.