डब्यातली आठवी वाटी

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय 'घरगुती अळिंबी पूड: कृती आणि उपयोग'. तो मीच दिलाय, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. साडेसहाला हॉल भजनी मंडळाला द्यायचाय, हे मला आल्यापासून तीन जणांनी तीनदा सांगितलं. मी तीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. तास संपता संपत नाही म्हणजे काय ते माझ्या विद्यार्थ्यांना विचारा, आणि पुरत नाही म्हणजे काय ते मला.

सुरुवातीलाच सांगून टाकते. अळिंबी ही भाजी नाही, मसाला आहे. गेली आठ-दहा वर्षं भेटेल त्याला मी हे सांगतेय. घरचे आता ऐकत नाहीत, म्हणून तुमच्याकडे आले.

भाजी म्हणून आपण तिचे काय हाल करतो ते आठवा. लग्नाच्या पंगतीत, म्हणजे आता बुफेत, झाकण उघडलं की लाल रस्सा आणि त्यात पांढरी बटणं. वर साय, खाली तेल. चावलं तर दाताखाली कचकच, पाटीवरचं खोडरबर खाल्ल्यासारखी. पनीर संपलं की हिचा नंबर. अशा दहा लग्नांत जेवल्यावर माणूस म्हणणारच, की मश्रूमला चव नसते. चव असते हो, पण ती पाण्यात बुडालेली असते. ताज्या अळिंबीत शंभरातले नव्वद भाग पाणी. ते काढून टाकलं की मग ती बोलायला लागते.

आणि सुकवून चव घट्ट करायची ही युक्ती आपल्याला कुणी शिकवायला नको. इथे सीकेपी मंडळी असतील. हात वर नका करू, सोडे म्हटल्यावर चेहऱ्यावरूनच कळलं. वांग्याच्या भाजीत मूठभर सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, पडले की वांगं वांगं राहत नाही. कोकणात जवळा आहे, सुकट आहे. न खाणाऱ्यांच्या घरात मात्र ती जागा रिकामी. आम्ही तिथे काय घालतो? गूळ. माझं म्हणणं इतकंच, की त्या रिकाम्या जागेवर ही पूड बसते. मसाल्याच्या डब्यात सात वाट्या असतात. ही आठवी.

आता मामांची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हे म्हणतात तुझं व्याख्यान पूर्ण होत नाही, आणि सांगितली की म्हणतात व्याख्यानच होत नाही.

आमचे धाकटे दीर ढिंगरी जातीची अळिंबी पिकवतात. भाताचा पेंढा निर्जंतुक करून पिशव्यांत भरायचा, त्यात बियाणं घालायचं आणि अंधाऱ्या खोलीत टांगायच्या. हे पीक देखणं, पण नाजूक. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी कडा पिवळ्या पडतात. एका चैत्रात त्यांचा ठरलेला गिऱ्हाईक ऐन वेळी फिरला आणि आठ किलो माल आमच्या दारात आला. करणार काय? मी गच्चीत जुनं धोतर अंथरलं, ढिंगरी हातानं फाडून पसरली, वर ओढणी टाकली. दोन दिवसांत धोतर दिसायला लागलं, इतका माल आकसला. दळल्यावर आठ किलोचे जेमतेम आठशे ग्रॅम. रिकामी बरणी सुंठीची सापडली, तीत भरलं. चिठ्ठी मात्र काढली नाही. जन्मभर मुलांना परीक्षानळीला चिठ्ठी लावा म्हणून ओरडणारी मी!

श्रावणात ह्यांचे मामा आले. निवृत्त तलाठी, कट्टर शाकाहारी, चातुर्मासात कांदा-लसूणही बंद. बाहेर पाऊस, मामांना सर्दी. लेकीनं प्रेमानं सुंठीचा चहा केला. मामांनी एक घोट घेतला. थांबले. दुसरा घेतला. मग मला म्हणाले, "सूनबाई, चहाला फोडणी दिलीय का?"

(हशा)

पानात टाकायचं नाही हा त्यांचा नेम, त्यामुळे कप रिकामा केला आणि मग चौकशी लावली. अळिंबी म्हटल्यावर म्हणाले, "म्हणजे कुत्र्याची छत्री? श्रावणात?" तलाठी माणूस, सातबारा तपासल्यासारखे विचारायला लागले. ही वनस्पती का? मी म्हटलं, नाही. प्राणी का? नाही. मग कुणाच्या नावावर आहे ही? आता हा प्रश्न माझ्या आवडीचा. मी म्हटलं, मामा, 1969 साली व्हिटेकर नावाच्या शास्त्रज्ञानं सजीवांच्या पाच सृष्टी पाडल्या, त्यात कवकांना, म्हणजे बुरशी-अळिंबीच्या कुळाला, स्वतंत्र खातं मिळालं. मामांना ते पटेना. मग मी फडताळातून गोड्या मसाल्याचं दगडफूल काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. हे काय? म्हणाले, मसाल्याचा जिन्नस. मी म्हटलं, हे कवक आणि शैवाल यांचं एकत्र कुटुंब आहे, आणि घराचा सांगाडा सगळा कवकाचा. तुमच्या घरच्या आमटीत पिढ्यान् पिढ्या बुरशी पडते आहे, श्रावणातसुद्धा.

मामा बराच वेळ दगडफुलाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे सांगितलं नसतंस तर चाललं असतं." घरी जाऊन त्यांनी मामींना मसाल्यातून दगडफूल वगळायला सांगितलं. मामी म्हणाल्या, मग गोडा मसाला तुम्हीच कुटा. विषय संपला.

एक गोष्ट मात्र मी मामांपासून लपवली, तुम्हीही बोलू नका. कवकांच्या पेशीभित्तिकेत कायटीन नावाचा चिवट पदार्थ असतो, आणि कोळंबीच्या सालीतही कायटीनच असतं. म्हणूनच अळिंबी कच्ची खाल्ली तर पोटाला जड जाते. पूडसुद्धा शिजवूनच खायची.

किती वाजले? सहा वीस? अहो, मला कुणी खुणावलं का नाही! बरं. आता पत्रिकेतला विषय.

चवीचं कारण आधी, दोन मिनिटांत. 1908 साली जपानमध्ये इकेदांनी समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी नाव दिलं. 1913 मध्ये कोदामांना सुकवलेल्या मासळीत त्याच चवीचं इनोसिनेट सापडलं. तो मासा आपल्या बांगड्याच्याच कुळातला. 1957 मध्ये कुनिनाकांनी ग्वानिलेटची चव ओळखली, जे सुकवलेल्या शिताके अळिंबीत भरपूर असतं. ग्लुटामेट आणि ग्वानिलेट एकत्र आले की चव बेरजेनं नाही, गुणाकारानं वाढते. टोमॅटोत ग्लुटामेट आहे, म्हणून टोमॅटोच्या सारात ही पूड जी काय रंगते, ती कढीत नाही रंगत. कढीत घालूच नका, मी घालून बघितलंय.

कृती. ढिंगरी किंवा बटण घ्या, शिताके मिळाली तर उत्तमच. पाण्यात भिजवायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. काप पातळ, तीन-चार मिलिमीटर. ऊन कडक असेल तर दोन दिवस, नाहीतर ओव्हनमध्ये 55 ते 60 अंशांवर, दार जरा किलकिलं ठेवून, सात-आठ तास. उन्हात वाळवली तर आणखी एक फायदा: तिच्यातल्या अर्गोस्टेरॉलचं ड जीवनसत्त्व होतं. काप कडकन मोडला पाहिजे. वाकला तर पुन्हा उन्हात, नाहीतर बरणीत बुरशीवर बुरशी येईल. मिक्सरमधून काढल्यावर झाकण लगेच उघडू नका, धुरळा नाकात जातो. पाच मिनिटं बसू द्या. काचेची कोरडी बरणी, चमचाही कोरडा. पावसाळ्यात फ्रीजमध्ये.

वापर. चार माणसांच्या आमटीला एक छोटा चमचा. कडकडीत तेलात टाकायची नाही, जळून कडू होते. अर्धी वाटी कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून ते पाणी पुडीसकट आमटीत ओता. पिठल्यात बेसनाबरोबरच कालवा. मसालेभातात, भरल्या वांग्याच्या कुटात, वाटणात, कुठेही. मीठ नेहमीपेक्षा थोडं कमी टाकून आधी चव बघा. आणि हात आखडता ठेवा. जास्त झाली की आमटीला ओल्या मातीचा वास येतो.

आणि हे नीट ऐका, घाई असली तरी. रानातली अळिंबी पुडीसाठी आणायची नाही. काही विषारी अळिंब्यांतलं विष वाळवून जात नाही, उकळूनही जात नाही, आणि पूड झाल्यावर कुठली होती हे कुणालाच ओळखता येत नाही. वारुळावरची अळंबी पिढ्यान् पिढ्या ओळखून काढणारी माणसं आहेत. ती त्यांच्याकडून घ्या आणि ताजीच खा. ती मोठी चवदार, तिची पूड करणं म्हणजे हापूसचं लोणचं घालण्यासारखं. वाळवीनं आपल्या वारुळात वाढवलेलं कवक आहे ते. माणसाला अजून त्याची शेती जमलेली नाही, वाळवीला जमते. यावर खरं तर वेगळं व्याख्यान...

हो, हो, आवरते. उपासाला चालते का, हा प्रश्न दर वेळी येतो. तो आपापल्या घरी विचारा, मी एकदा उत्तर दिलंय आणि ते मला महागात पडलंय. पुड्या तिकडे टेबलावर आहेत, एकेक घेऊन जा. पेटी आत येऊ द्या हो, मी ही खुर्ची बाजूला घेते.